मिशिगनमध्ये घर तापवण्यासाठी परवडणारे सरपण: कुठून, किती आणि कसे घ्यावे?

मोगरा_लान्सिंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घर लान्सिंगपासून पाऊण तासावर, गावाबाहेर. 1,700 चौरस फूट, दोन मजली, 1974 चे बांधकाम. नैसर्गिक वायूची लाइन इथवर आलेली नाही, म्हणून प्रोपेनची टाकी. गेल्या वर्षात 900 गॅलन लागला, त्यातला साधारण 200 गॅलन पाणी तापवायला आणि स्वयंपाकाला. यंदाचा ठरलेला भाव गॅलनला 2.10 डॉलर. फर्नेस (घरभर गरम हवा देणारी भट्टी) 95 टक्के कार्यक्षमतेची आहे.

दिवाणखान्यात लाकडाचा स्टोव्ह आहे. मागच्या पाटीवर ईपीएची (अमेरिकेची पर्यावरण संस्था) 2020 ची मान्यता लिहिलेली आहे, आतली जागा 2 घनफूट, 18 इंचांपर्यंतचे लाकूड मावते. वर 6 इंची स्टीलचे धुराडे. पिकअप ट्रक आहे, मागचा हौदा साडेसहा फुटी. चेनसॉ नाही.

सप्टेंबर लागला आहे. जाहिरातींत 'फेस कॉर्ड', 'फुल कॉर्ड', 'रिक', 'ट्रकलोड' असे काहीही लिहिलेले असते आणि भाव एकमेकांशी जुळत नाहीत. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लाकूड खरोखर प्रोपेनपेक्षा स्वस्त पडेल का? या हिवाळ्यापुरते किती घ्यावे? आणि स्वस्त मिळण्याची भरवशाची ठिकाणे कोणती?

---

वखार_मोजमाप

मोगराताई, आधी माप पक्के करा, मग भाव बघा. उलट्या क्रमाने गेलात की फसगत ठरलेली.

कॉर्ड म्हणजे 4 फूट उंच, 4 फूट खोल, 8 फूट लांब अशी नीट रचलेली थप्पी. 128 घनफूट. त्यात प्रत्यक्ष लाकूड 80 ते 90 घनफूटच असते, बाकी हवा. फेस कॉर्ड म्हणजे 4 फूट उंच आणि 8 फूट लांब एकच ओळ, तिची खोली लाकडाच्या लांबीएवढी. लाकूड 16 इंची असेल तर फेस कॉर्ड एक तृतीयांश कॉर्ड भरते. तेच 12 इंची असेल तर एक चतुर्थांश. समोरून दोन्ही थप्प्या हुबेहूब सारख्या दिसतात, म्हणून लांबी विचारल्याशिवाय फेस कॉर्डच्या भावाला काही अर्थ नाही. 'रिक' आणि 'ट्रकलोड' ही मापेच नव्हेत.

तुमच्या हौद्यात लाकूड नुसते टाकून काठोकाठ भरले तर साधारण एक तृतीयांश कॉर्ड, म्हणजे 16 इंची लाकडाची एक फेस कॉर्ड होते. वर शीग चढवली तर थोडे जास्त. कोणी एवढ्याच ट्रकमधून 'फुल कॉर्ड' आणतो म्हणाला तर त्याला तीन खेपा कराव्या लागतील हे लक्षात ठेवा. सूत्र सोपे आहे: थप्पीची लांबी × उंची × लाकडाची लांबी, सगळे फुटांत, भागिले 128.

आता किंमत. चांगल्या वाळलेल्या ॲशच्या (इथले एक कठीण लाकडाचे झाड) एका कॉर्डमध्ये सुमारे 2 कोटी 40 लाख बीटीयू उष्णता असते; बीटीयू हे उष्णतेचे माप. स्टोव्ह 70 टक्के उष्णता खोलीत देतो असे धरले तर हाती 1 कोटी 68 लाख. प्रोपेनच्या गॅलनमध्ये 91,500 बीटीयू, तुमच्या फर्नेसमधून सुमारे 87,000 मिळतात. भागाकार केला की एक कॉर्ड म्हणजे साधारण 190 गॅलन प्रोपेन. तुमच्या भावाने 190 × 2.10 = 399 डॉलर. वाळलेला, कठीण लाकडाचा कॉर्ड घरपोच याहून स्वस्त मिळाला तरच फायदा. फेस कॉर्डसाठी ही मर्यादा 133 डॉलर.

हेच गणित नैसर्गिक वायू असलेल्या घरात बहुधा उलटते. एक कॉर्ड तिथे सुमारे 177 थर्मची (वायूच्या बिलावरचे उष्णतेचे माप) जागा घेतो, आणि थर्मचा भाव एक डॉलरच्या आसपास असेल तर विकत घेतलेले लाकूड महागच पडते. वाचणाऱ्या इतरांनी आपल्या बिलावरचा आकडा टाकून बघावे.

किती लागेल: घर तापवायला 700 गॅलन, म्हणजे सगळी उष्णता लाकडाची असेल तर पावणेचार कॉर्ड. पण एका खोलीतला स्टोव्ह दोन मजली घर पूर्ण पेलत नाही, रात्री आणि तुम्ही कामावर असताना फर्नेस चालणारच. दोन ते अडीच कॉर्ड धरा.

---

कोरडी_ढलपी

वरचे गणित बरोबर आहे, पण ते सगळे 'वाळलेल्या' या एका शब्दावर उभे आहे, आणि सप्टेंबरात खरी अडचण तिथेच आहे.

ताज्या तोडलेल्या रेड ओकच्या कॉर्डमध्ये वाळलेल्या कॉर्डपेक्षा 1,300 ते 1,400 पौंड पाणी जास्त असते. सहाशे किलोच्या आसपास. ते पाणी तुमच्या स्टोव्हमध्ये उकळून धुराड्यातून बाहेर जाते आणि त्याची उष्णता तुमच्या पैशातून जाते. शिवाय जाळ थंड राहतो, धूर पुरता जळत नाही आणि डांबरासारखी काजळी धुराड्यात चिकटते.

आपल्याकडच्या बंबाची सवय इथे कामाची नाही. बंबात अर्धा-पाऊण तास भडका द्यायचा असतो, त्यामुळे दमट लाकूडही चार वाळक्या काटक्यांच्या जोरावर निभावून जाते. बंद स्टोव्ह सहा-सात तास मंद चालवायचा असतो आणि 2020 च्या मान्यतेचे बहुतेक स्टोव्ह तर वरच्या नळ्यांतून येणाऱ्या गरम हवेने धूरच जाळतात. ओले लाकूड घातले की ही दुसरी आग पेटतच नाही. 'नवा स्टोव्ह चांगला नाही, काच काळी होते' ही तक्रार दहापैकी नऊ वेळा ओल्या लाकडाची असते.

पाणी मोजायला दोन सुयांचे ओलावामापक यंत्र घ्या. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. वापर मात्र बहुतेक लोक चुकीचा करतात: टोकावर किंवा बाहेरच्या बाजूवर टोचतात. तिथे लाकूड नेहमीच कोरडे असते. लाकूड मधोमध नव्याने फोडा, ताज्या उघड्या बाजूवर, रेषांच्या दिशेने सुया रुतवा. 20 टक्क्यांखाली हवे. 25 च्या वर असेल तर या हिवाळ्याचे नाही. थंडीत गोठलेले लाकूड खोटा कमी आकडा दाखवते, आधी घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

टोकाच्या भेगा, करडा रंग, ठोकल्यावर येणारा टणक आवाज, हे सगळे ओकच्या बाबतीत फसवे आहे. बाहेरून भेगाळलेला ओक आत 30 टक्के निघतो.

विकणाऱ्याला 'कधी तोडले' असे विचारू नका. 'कधी फोडले' असे विचारा. ओंडका सालीसकट पडून राहिला तर दोन वर्षांतही नीट वाळत नाही, पाणी फोडल्यावर खऱ्या अर्थाने निघू लागते. फोडल्यापासून लागणारा वेळ साधारण असा: ॲश सहा महिने ते वर्ष, मेपल आणि चेरी वर्षभर, रेड ओक आणि हिकरी दोन वर्षे, व्हाइट ओक त्याहूनही जास्त.

म्हणून या वर्षी एकच शब्द शोधा: ॲश. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा 2002 मध्ये डेट्रॉइटच्या परिसरातच पहिल्यांदा ओळखला गेला आणि त्याने दक्षिण मिशिगनमधली ॲशची झाडे जवळजवळ संपवली. उभी मेलेली ॲश आजही तोडली जातात. त्यांच्या वरच्या फांद्या अनेकदा फोडल्या फोडल्याच 20 ते 25 टक्क्यांवर असतात, बुंधा मात्र दमट असतो. वरचे लाकूड आधी जाळायचे, बुंध्याचे पुढच्या वर्षाला ठेवायचे.

---

मोगरा_लान्सिंग

खूप उपयोग झाला. एक जाहिरात समोर आहे: 'सीझन्ड (वाळवलेले) मिक्स हार्डवुड, 16 इंच, फेस कॉर्ड 120 डॉलर, तीन घेतल्यास घरपोच'. म्हणजे कॉर्ड 360 डॉलर, 399 च्या आत. घ्यावे का? आणि 'किल्न ड्राइड' (भट्टीत वाळवलेल्या लाकडाची) पाकिटे किंवा दाबलेल्या भुशाच्या विटा या त्यापेक्षा बऱ्या का?

---

कोरडी_ढलपी

360 हा आकडा फक्त ॲश, शुगर मेपल, ओक, बीच, हिकरी यांच्यासाठी ठीक आहे. 'मिक्स हार्डवुड' या नावाखाली पॉपलर (इथे ॲस्पेनलाच पॉपलर म्हणतात), बासवूड, कॉटनवूड, बॉक्स एल्डर हेही येते. ही झाडे रुंद पानांची असल्याने नावाला हार्डवुड, पण वजनाला हलकी. ॲस्पेनच्या कॉर्डमध्ये दीड कोटीच्या आतच बीटीयू. त्याचे 360 देणे म्हणजे प्रोपेनपेक्षा महाग जाळणे. सॉफ्ट मेपल मधे कुठेतरी, 1 कोटी 80-90 लाख.

सोपा हिशेब: कॉर्डमधली उष्णता त्याच्या कोरड्या वजनाबरोबर चालते. पौंडामागे ओकची आणि पाइनची उष्णता जवळपास सारखीच असते, घनफुटामागे नसते. आपण मापाने विकत घेतो, म्हणून जड लाकूड घ्यायचे. बाभळीची लाकडे आणि पांगाऱ्याची लाकडे यांत जो फरक, तोच हा.

जाण्याआधी फोनवर तीन प्रश्न: कोणती झाडे, कधी फोडले, मी माझे मापक घेऊन आले तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला कुरकुर झाली तर सोडून द्या. तिथे थप्पीच्या आतल्या बाजूची तीन-चार लाकडे तुम्ही निवडायची आणि फोडून मोजायची. पैसे घरी थप्पी रचून माप घेतल्यावर द्यायचे हे आधीच ठरवा. नुसता ढीग टाकून गेलेले लाकूड मोजता येत नाही.

'किल्न ड्राइड' आणि 'हीट ट्रीटेड' यांत गल्लत करू नका. हीट ट्रीटेड लाकूड किडी मारण्यासाठी तापवलेले असते: गाभा 60 अंश सेल्सियसला, तासभर. तेवढ्याने ते कोरडे होत नाही. किल्न ड्राइड चांगले, पण दुकानातली दोरीने बांधलेली मोळी पाऊण घनफुटाच्या आसपासची असते. एका कॉर्डला अशा 170 मोळ्या. शेकोटीपुरती ठीक.

विटांबद्दल: ओलावा 10 टक्क्यांच्या आत, त्यामुळे भरवशाच्या. पाकिटावर 'एक टन म्हणजे एक कॉर्ड' असे लिहिलेले असते ते जसेच्या तसे खरे मानू नका. एका टनात सुमारे 1 कोटी 60 लाख बीटीयू, म्हणजे ॲशच्या कॉर्डचा दोन तृतीयांश. प्रोपेनच्या हिशेबात एक टन 125 ते 130 गॅलनच्या बरोबर, तुमच्या भावाने 265 डॉलरच्या आसपास. त्याच्या आत टन मिळत असेल तर पहिल्या हिवाळ्यासाठी एक टन घेऊन ठेवा. 22-23 टक्क्यांच्या लाकडाबरोबर दोन विटा घातल्या की जाळ तापलेला राहतो. फक्त सुरुवातीला स्टोव्ह विटांनी गच्च भरू नका, त्या एकदम पेट घेतात. आणि 40 पौंडांच्या पिशवीतले पेलेट्स (दाबलेल्या भुशाच्या बारीक कांड्या) वेगळे, त्यांना पेलेट स्टोव्हच लागतो.

---

पाचर_आणि_घण

ठिकाणांचा प्रश्न मागेच राहिला.

झाडतोड करणारी माणसे. एप्रिल ते ऑक्टोबर त्यांना ओंडके टाकायला जागा हवी असते, कारण डेपोत टाकायचे पैसे पडतात. आपल्या पाच-सहा मैलांतल्या तीन-चार जणांना फोन करून 'ओंडके उतरवायला मोकळी जागा आहे, ट्रक फिरतो, ओंडके 16 ते 18 इंच कापून द्याल तर बरे' असे सांगून ठेवायचे. बऱ्याचदा फुकट किंवा नाममात्र पैशांत. पण निवड तुमची नसते: विलो, कॉटनवूड, एल्म असे सगळे येईल. एल्मचे तंतू गुंतलेले असतात, घणाने फुटत नाही, यंत्रच हवे. 'फक्त ॲश, मेपल, ओक' असे सांगितलेत तर फोन कमी येतील, पण येतील ते कामाचे.

लाकूडगिरण्या. फळ्या काढल्यावर उरलेल्या सालीच्या पाट्या गठ्ठ्याने विकतात. मिशिगनच्या या पट्ट्यात छोट्या गिरण्या बऱ्याच आहेत, अनेक आमिश (आधुनिक यंत्रे टाळणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबांच्या. तिथे फोनऐवजी प्रत्यक्ष जाऊन विचारावे लागते, आणि रविवारी नाही. पाट्या पातळ असल्याने एका उन्हाळ्यात वाळतात. साल जास्त म्हणून राख जास्त, आणि जळतात भराभर. संध्याकाळचा स्टोव्ह पेटवायला उत्तम, रात्र काढायला नाही.

फरशीचे, पॅलेटचे (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) कारखाने. लाकडी फरशीचे तुकडे भट्टीत वाळवलेले असतात, 8 टक्क्यांच्या आसपास. पॉलिश न केलेले तेवढे घ्यायचे. पॅलेटवर शिक्का बघा: एचटी (हीट ट्रीटेड) असेल तर चालेल, एमबी असेल तर हातही लावू नका, ते मिथिल ब्रोमाइडने धुरी दिलेले असते. रंगवलेले, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड नको. जुन्या डेकची (घराबाहेरचा लाकडी ओटा) हिरवट छटेची लाकडे तर अजिबात नको. 2003 अखेरपर्यंत घरगुती कामासाठी विकलेल्या अशा लाकडात आर्सेनिक असायचे, आणि जाळल्यावर ते राखेत आणि धुरात उतरते.

ओंडक्यांचा ट्रक. लाकूडतोड कंत्राटदार 8 फुटी ओंडके 10 ते 20 कॉर्डच्या ट्रकने विकतो. प्रति कॉर्ड सर्वात स्वस्त विकतचा मार्ग हाच. पण कापणे, फोडणे, रचणे सगळे आपल्यावर. तुमचा वापर अडीच कॉर्डचा, म्हणजे 10 कॉर्ड चार वर्षांचे लाकूड. शेजारच्या दोन घरांनी मिळून घेतले आणि फोडायचे यंत्र दोन दिवस भाड्याने आणले तर जमते. चेनसॉ नसताना एकट्याने या फंदात पडू नका.

सरकारी जंगल. मिशिगन डीएनआरचा (राज्याचे नैसर्गिक संपत्ती खाते) सरपण परवाना 20 डॉलरला मिळतो, पाच कॉर्डपर्यंत, घरगुती वापरासाठी. पडलेले मेलेले लाकूडच घ्यायचे, तेही रस्त्यापासून 200 फुटांच्या आत. उभे झाड, मेलेले असले तरी, तोडायचे नाही. कागदावर यासारखे स्वस्त काही नाही. पण ज्या जंगलांत हा परवाना चालतो ती मुख्यतः राज्याच्या उत्तर भागात. तुमच्याकडून शंभर मैल जाऊन प्रत्येक खेपेला एक तृतीयांश कॉर्ड आणायचे म्हणजे सात-आठ खेपा. पेट्रोलातच बचत जाते. शिवाय लाकूड 50 मैलांपलीकडे नेऊ नये, जमल्यास 10 मैलांतच वापरावे असे जे सांगतात ते मनावर घ्या. ॲश बोरर असाच सरपणातून पसरला. केंद्र सरकारने त्याचे निर्बंध 2021 च्या जानेवारीत उठवले म्हणून किडे थांबलेले नाहीत. ओक विल्टने (ओकचा बुरशीजन्य रोग) मेलेला रेड ओक तर सालीसकट कुठेच हलवू नका.

आणखी एक, फार महत्त्वाचे. 'मेलेले ॲश आहे, तोडून फुकट घेऊन जा' अशा जाहिराती दिसतात. मेलेला ॲश ठिसूळ असतो. तोडताना खोड उभे चिरत वर जाते आणि मागे उडते, वरच्या फांद्या नुसत्या हादऱ्याने सुटतात. अनुभवी तोड्येही ही झाडे शक्यतो उचलयंत्रातून उतरवतात. आडवे पडलेले असेल तर कापा, उभे असेल तर नाही.

---

धुराडे_साफ

पेटवण्याआधी चार कामे. धुराडे ब्रशने साफ करून तपासून घ्या. आतली काजळी इंचाच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर, झाली की साफसफाईची वेळ आली असे मानतात. धुराड्याची उंची: छतातून जिथे बाहेर येते तिथून किमान 3 फूट, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा 2 फूट वर. यापेक्षा कमी असेल तर ओढ कमी पडते आणि दार उघडताच धूर खोलीत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र प्रत्येक मजल्यावर हवे. विमा कंपनीला स्टोव्ह असल्याचे कळवा, न कळवता आग लागली तर दावा अडकतो.

स्टोव्हच्या एकेरी पाइपावर दीड फूट उंचीवर चुंबकाचा तापमापक लावा. 250 ते 475 फॅरनहाइटच्या मधे काटा ठेवायचा. रात्रीसाठी हवा एकदम बंद करून लाकूड 'पुरवून' वापरणे हीच काजळीची सर्वात मोठी वाट. लाकूड घातल्यावर 10-15 मिनिटे जोरात पेटू द्या, मग टप्प्याटप्प्याने हवा कमी करा.

राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घरापासून 10 फुटांवर, पडवीत किंवा डेकवर नाही. निखारे तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतात.

---

वखार_मोजमाप

मोगराताई, तुमच्यासाठी क्रम असा लावतो. या आठवड्यात एक कॉर्ड फक्त ॲश, मोजून 20 टक्क्यांखालचा, 399 च्या आत. सोबत भाव बसला तर अर्धा ते एक टन विटा. यंदा एवढेच. उरलेली गरज प्रोपेनला सोसू द्या, ओले लाकूड विकत घेऊन सोसू नका.

त्याच वेळी पुढच्या वर्षाचे अडीच कॉर्ड आताच जमवायला लागा. ताजे फोडलेले लाकूड वाळलेल्यापेक्षा बरेच स्वस्त मिळते, वाळवण्याचे काम वारा फुकट करतो. भाव सर्वात पडलेला मार्च-एप्रिलमध्ये, चढलेला ऑक्टोबरनंतर.

थप्पी कशी: जुन्या पॅलेटवर, जमिनीपासून चार इंच वर, एकच ओळ, दक्षिणेकडे किंवा पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड करून. तुकडे 3 ते 6 इंच जाडीचे. फक्त वरचा भाग पत्र्याने किंवा ताडपत्रीने झाका, बाजू उघड्या. पूर्ण गुंडाळलेल्या थप्पीत वाफ अडकते आणि लाकडाला पांढरी बुरशी धरते. घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, मुंग्या आणि उंदीर आत येतात. घरात एका वेळी दोन-तीन दिवसांचेच आणा.

टोकावर खडूने झाड आणि फोडल्याचा महिना लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरात ओक आणि ॲश वेगळे ओळखायला तोच खडू लागतो.

---

मोगरा_लान्सिंग

वरच्या जाहिरातवाल्याला फोन केला. 'मिक्स'मध्ये अर्धा पॉपलर आहे आणि फोडले जूनमध्ये, म्हणून नाही म्हटले. त्याच्याकडेच नुसता ॲश आहे, गेल्या नोव्हेंबरात फोडलेला, फेस कॉर्ड 125. शनिवारी मापक आणि छोटी कुऱ्हाड घेऊन जाते आहे. आकडे इथे टाकते.

---

कोरडी_ढलपी

375 चा कॉर्ड, चालेल. थप्पीच्या खालच्या दोन थरांतली लाकडे फोडायला विसरू नका, जमिनीची ओल तिथेच धरते.